आठ तासांचा दिवस

हिंजवडीच्या तिसऱ्या फेजमधल्या काचेच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, माधवीची टीम बसायची. ठरलेल्या तारखेला काम हातावेगळं करणारी टीम म्हणून तिचं नाव होतं. आयटीत अशी नावं फार नसतात. त्यामुळे एखादा प्रोजेक्ट अडचणीत आला की वरची मंडळी तो तिच्याकडे सरकवायची आणि ‘माधवी बघेल’ म्हणून निर्धास्त व्हायची. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण गोष्ट कंपनीची नाही.

माधवी मूळची मंगळवेढ्याकडची. सोलापूरला इंजिनिअरिंग केलं, २०१२ साली कॅम्पसमधून नोकरी लागली, पगार वर्षाला सव्वातीन लाख. अकरा वर्षांनी ती टीम लीड होती आणि तिच्या हाताखाली नुकत्याच लागलेल्या तेजसचा पगार वर्षाला साडेतीन लाख. मधल्या काळात वाकडचं घरभाडं कुठल्या कुठे गेलं, पेट्रोल गेलं, वडापावसुद्धा गेला. फ्रेशरचा आकडा तेवढा जागेवर बसून राहिला. पण ते दुखणं वेगळं, त्यावर पुन्हा कधी.

२०२३ च्या जुलैत तिच्याकडे अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचं काम आलं. दावे निकाली काढण्याची त्यांची जुनी यंत्रणा मोडून तिचे अठ्ठेचाळीस स्क्रीन नव्याने लिहायचे. माणसं सहा, मुदत तेरा आठवडे. भूमकर चौकाच्या गर्दीतून वाट काढत सकाळी साडेनऊला कार्ड लावून आत जायचं. दिवसभर काम. संध्याकाळी सहाला तिकडची सकाळ झाली की कॉल. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की हा कॉल सातला जातो आणि मार्चमध्ये पुन्हा सहावर येतो; हिंजवडी-वाकडच्या कित्येक घरांत पानं कधी वाढायची हे अमेरिकी काँग्रेसने ठरवलेलं आहे, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. कॉलवर ठरलेले बदल त्याच रात्री करायचे, कारण तिकडचा माणूस कचेरीत आहे तोवर त्याला दाखवले तर एक दिवस वाचतो. मग सव्वानऊला बाहेर. जेवणाखाण्याचा पाऊण तास सोडला तर दिवसाचे अकरा तास भरत. शनिवारी नऊ. आठ वाजून गेले की मॅनेजर अनिरुद्ध पिझ्झा मागवायचा. प्रोजेक्टच्या बजेटमध्ये पिझ्झ्यासाठी रकाना असतो, जादा तासांसाठी नसतो.

दर शुक्रवारी टाइमशीट भरायचं. सोमवार ते शुक्रवार पाच चौकटी, प्रत्येकीत आठ. शनिवारची चौकट करड्या रंगाची, तिच्यात काही टाइपच होत नसे. आठच्या जागी अकरा लिहिलं की चौकट लाल व्हायची आणि मॅनेजरची खास मंजुरी मागायची. ही मंजुरी कुणी कधी मागितल्याचं मजल्यावर कुणाला आठवत नव्हतं. काम ठोक रकमेचं असेल तर जादा तास म्हणजे नफ्याला भोक. तासावर बिल असेल तर क्लायंटने मंजूर केलेले तास आठवड्याला चाळीसच. दोन्ही वाटा फिरून एकाच ठिकाणी यायच्या: आठ भर.

माधवीला हे कुणी दटावून सांगितलं नव्हतं. खरं तर तिला स्वतःलाच आठ लिहायला आवडायचं. अकरा लिहिणं म्हणजे आपल्याला वेळेत जमलं नाही असं चारचौघांत सांगणं. रात्री नऊपर्यंत बसणं ही तिच्या लेखी तिची आणि कामाची खासगी गोष्ट होती, नवरा-बायकोतल्या भांडणासारखी. ती कागदावर कशाला आणायची? शिवाय गावाकडे कष्टाचा हिशेब मांडणाऱ्या माणसाला हलकं समजतात, हेही कुठेतरी खोल बसलेलं होतं. स्वतःचं भरून झालं की ती बाकीच्या पाच जणांची टाइमशीटं उघडायची आणि एकेक मंजूर करायची. आठ, आठ, आठ, आठ, आठ.

काम तेराव्या आठवड्यात पुरं झालं. क्लायंटने कौतुकाचं ईमेल पाठवलं, माधवीला ‘स्टार परफॉर्मर’ची ट्रॉफी मिळाली, टीमला दोन-दोन हजारांची गिफ्ट व्हाउचर्स. ते ऑक्टोबरचे शेवटचे दिवस होते. नारायण मूर्तींनी नुकताच तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा सल्ला दिला होता आणि कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. टीममधला निखिल म्हणाला, ‘‘आपण चौसष्टवर आहोत. सहाच कमी पडतायत. एक रविवार टाकला की झालं.’’ सगळे हसले. माधवीही हसली. चौसष्ट हा आकडा त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला आणि हशात विरून गेला.

कंपनीत ‘एस्टिमेशन’ नावाचा एक छोटा विभाग असतो. नवं काम घेताना त्याला किती तास लागतील हे तिथली माणसं सांगतात, आणि ती काही ज्योतिषी नसल्यामुळे आधीच्या कामांच्या नोंदी बघतात. त्यांनी माधवीच्या प्रोजेक्टची नोंद उघडली. सहा माणसं, तेरा आठवडे, दर आठवड्याला चाळीस तास: एकूण ३,१२० तास. स्क्रीन अठ्ठेचाळीस. म्हणजे एका स्क्रीनला ६५ तास. स्वच्छ, नेटका आकडा. त्याच विमा कंपनीच्या पुढच्या साठ स्क्रीनसाठी तो वापरला गेला. वर क्लायंटने मागितलेली दहा टक्के ‘उत्पादकता वाढ’ वजा केली: आता टीमला अनुभव आलाय, मग वेळ कमीच लागायला हवा. एका स्क्रीनला साडेअठ्ठावन्न तास. पाच माणसं, साडेसतरा आठवडे.

हे काम गेलं शबानाकडे. शबाना मिरजेची; दोघी एकाच वर्षी लागलेल्या, वाकडहून एकाच गाडीने येणाऱ्या. पेट्रोल आलटून पालटून, गाणी मात्र शबानाच्या पसंतीची. माधवीच्या टीममधला तेजसही शबानाकडे गेला, कारण त्याला ते स्क्रीन माहीत होते. २०२४ च्या मार्चमध्ये काम सुरू झालं आणि मे संपेपर्यंत शबानाने गाडीत गाणी लावणं सोडलं होतं.

एका सकाळी सिग्नलला गाडी थांबलेली असताना ती म्हणाली, ‘‘माधवी, एक विचारू? खरं सांग. तू एक स्क्रीन पासष्ट तासांत कसा काढायचीस?’’

माधवी काहीतरी गुळमुळीत बोलली. टीम चांगली होती, वगैरे.

‘‘माझी पण चांगलीच असेल ना गं. पण मला आता ती मुलं मठ्ठ वाटायला लागलीयत. काल मी एका मुलीला रडवलं. तुझा चार्ट दाखवला तिला. म्हटलं, बघ, माणसं करतात.’’

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले.

तेजसचं प्रकरण याहून पुढे गेलं होतं. शबानाच्या टीममध्ये आठ तास भरून खरोखर आठच तास काम करणारा तो एकटा. कॉल संपला की साडेसहाची कंपनीची बस पकडायचा, कारण तो एका ढोल-ताशा पथकात होता आणि जूनच्या अखेरीपासून नदीपात्रात सराव सुरू झाला होता. आदल्या वर्षी माधवीच्या प्रोजेक्टपायी त्याचा सराव बुडाला होता, पथकाने त्याला मिरवणुकीत घेतलं नव्हतं. यंदा त्याने ठरवलं होतं. आता ढोल वाजवायला जायचंय हे कारण कुठल्या मॅनेजरला पटणार? घरी कुणी आजारी असतं तर चाललं असतं. आपल्याकडे माणसाला स्वतःच्या वेळेवर घरी जायचं असेल तर त्यासाठी एखादं दुःख दाखवावं लागतं. चोवीस वर्षांच्या मुलाला संध्याकाळी ढोल वाजवावासा वाटतो, एवढं पुरत नाही.

तेजसला एक स्क्रीन पुरा करायला तेरा दिवस लागायचे. तेरा गुणिले आठ, १०४ तास. अपेक्षा साडेअठ्ठावन्नची. उत्पादकता छप्पन्न टक्के. तक्त्यात त्याच्या नावापुढची चौकट लाल, बाकीच्या चौघांच्या पिवळ्या, कारण ते चौघे रात्री दहापर्यंत बसून आठ लिहीत होते. जुलैत तेजसला पीआयपीवर टाकलं. कामगिरी सुधारण्यासाठी दिलेली मुदत, असा त्याचा अर्थ कागदावर असतो. मजल्यावर त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो: साठ दिवसांत दुसरी नोकरी बघ.

त्याच महिन्यात माधवीची आज्जी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी वाकडला आली. शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर माधवी लॅपटॉप घेऊन बसली, आणि आज्जी काळा चष्मा कपाळावर सरकवून दुरुस्त झालेल्या डोळ्याने पडद्याकडे बघत राहिली.

‘‘काय टिपतीस गं येवढं?’’

‘‘हजेरी, आज्जी. कुणी किती तास काम केलं ते.’’

‘‘मंग समद्यांचं येकच कसं? तू तर काल दहाला आलीस रातच्याला.’’

आज्जीला अक्षर फारसं येत नाही, पण आकडे येतात. माधवी म्हणाली, ‘‘तसंच लिहायचं असतं.’’

आज्जीने हजेऱ्या पाहिल्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळात ती पंचविशीची होती आणि पाझर तलावाच्या कामावर माती उपसत होती. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो, कामावर पोरांना सुकडी, आणि मुकादमाच्या काखेत मस्टर. ‘‘आमचा मुकादम नसल्याली मानसं लिवायचा,’’ ती म्हणाली. ‘‘मेल्यालीबी लिवायचा. तुमच्याकडं असल्यालं खोडत्यात व्हय?’’

माधवीला हसू आलं. आज्जी हसली नाही. तिला काहीतरी आठवलं होतं आणि आठवलेलं सांगून संपवल्याशिवाय ती झोपायला जाणारी नव्हती.

खोदाईची मजुरी तिथे मापावर मिळायची. टोळीने दिवसभर खणायचं, सांजेला ओव्हरसियर येऊन टेप लावायचा. पण खड्डा किती खोल गेला हे कळणार कसं? म्हणून खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडायचा. जमीन मुळात कुठवर होती हे तो खांब सांगायचा. खांब कमरेएवढा, तर खणलं कमरेएवढं. ‘‘आमच्या टोळीत येक गडी व्हता, पैलवान. दोघांचं काम येकटा वढायचा. येके दिवशी त्याला वाटलं, ह्यो खांब मधी आडवा येतुया. पाटी फिरवायला अडचन. तर त्यानं जोराजोरात खांबबी खनून टाकला. आमी बाया बगतच ऱ्हायलो. केवढं कवतिक केलं त्याचं. सांच्याला सायेब आला, टेप घेऊन हुबा ऱ्हायला, म्हनला, मोजू कशाला? हितं खड्डा आधीचाच असंल.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. समद्या टोळीची त्या दिसाची मजुरी बुडाली. त्येच्या संगट आमचीबी.’’ आज्जी उठली. ‘‘लई राबायचा पर. त्येचं काय खोटं न्हाई.’’

माधवीच्या पडद्यावर पाच टाइमशीटं मंजुरीची वाट बघत होती. त्या रात्री तिने ती मंजूर केली नाहीत. सोमवारी स्मरणपत्र आलं, मंगळवारी दुसरं आलं.

दरवाजावर कार्ड लावलं की वेळ नोंदली जाते. आत किती वाजता, बाहेर किती वाजता. ही नोंद कंपनी काळजीपूर्वक ठेवते. कुणी नऊ तासांपेक्षा कमी बसला तर महिनाअखेरीस ईमेल येतं. कुणी जास्त बसला तर येत नाही. म्हणजे त्या तेरा आठवड्यांचे खरे तास कंपनीच्याच संगणकात पडून होते, टाइमशीटच्या शेजारच्या कपाटात म्हणा हवं तर, आणि दोन्ही कागद आजवर कुणी एकत्र ठेवून बघितले नव्हते. माधवीने आपल्या जुन्या टीमला सांगितलं, आपापली कार्डाची नोंद उतरवून मला द्या. चौघांनी त्याच दिवशी दिली. निखिलने आठवडा घेतला. त्याचं प्रमोशन तोंडावर होतं आणि उगाच जुनं उकरून काय मिळणार, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. माधवीपाशी त्याचं उत्तर नव्हतं. पण शेवटी त्यानेही दिली.

जेवणाची वेळ वजा केली, सुट्ट्या वजा केल्या, कुणी मधे पान-सिगरेटला खाली गेला असेल तर तेही वजा केलं. बेरीज आली ४,९९२ तास. भागिले अठ्ठेचाळीस. एका स्क्रीनला १०४.

ती आकड्याकडे बघत बसली. तेजसची छप्पन्न टक्के उत्पादकता म्हणजे नेमकी तिच्या स्वतःच्या टीमची उत्पादकता होती. तासभरही इकडे-तिकडे नाही. तो कूर्मगतीचा नव्हता आणि तिची टीम चपळ नव्हती. सगळी माणसं एकाच वेगाने काम करत होती.

कागद घेऊन ती अनिरुद्धकडे गेली. आयटीत सर-मॅडम नसतं, सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मॅनेजरलासुद्धा अरे-तुरे चालतं. त्याने अंतर कमी होतं असं नाही, फक्त ते दिसेनासं होतं. अनिरुद्धने दार लावून घेतलं आणि कागद दोनदा वाचला. माणूस वाईट नव्हता. त्याच्या स्वतःच्या टाइमशीटमध्येही आठच होते, आणि त्याची मुलगी त्याला ‘वीकेंडवाले बाबा’ म्हणायची असं तो हसत सांगायचा.

‘‘मला माहीत होतं,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांना माहीत असतं गं. आकडा तेवढा कुणाला माहीत नसतो.’’

‘‘आता आहे.’’

‘‘यानं काय होईल कळतंय ना? जुना प्रोजेक्ट मागाहून तोट्यात दिसेल. शबानाचा लाल होईल. माझं मार्जिन जाईल. आणि तुझं...’’ त्याने वाक्य पुरं केलं नाही. ‘‘हे माझ्यापाशी राहू दे. पुढच्या एस्टिमेटला मी थोडं वाढवून घेईन. तोंडी.’’

‘‘आणि तेजस?’’

अनिरुद्धने खिडकीबाहेर पाहिलं. खाली मेट्रोच्या खांबांमधून गाड्यांची रांग सरकत होती. ‘‘तो असाही टिकणारा नव्हता.’’

या वाक्यावर माधवी चिडली असती तर गोष्ट सोपी झाली असती. तिला चीड आली नाही. तिला एवढंच दिसलं, की हे वाक्य अनिरुद्ध बोलतोय पण त्याला ते तिच्याच आकड्याने शिकवलंय. तेजसच्या पीआयपीच्या फेरआढाव्याची तारीख आली तेव्हा तिने तो कागद एचआरला पाठवला, शबानाला आणि अनिरुद्धला प्रत ठेवून.

एचआरची बाई तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान, बोलायला गोड. तिने कागद पुढे ठेवला आणि विचारलं, ‘‘माधवी, म्हणजे तुम्ही तेरा आठवडे चुकीची टाइमशीटं मंजूर केलीत, असं तुम्ही लेखी देताय?’’

‘‘हो.’’

‘‘पॉलिसीनुसार ते गैरवर्तन होतं, माहितीये ना?’’

इथे जरा थांबून कायद्याकडे बघायला हवं. महाराष्ट्रातला दुकाने व आस्थापनांविषयीचा कायदा २०१७ सालचा. त्या वेळच्या तरतुदीप्रमाणे कामगाराचे तास दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यापुढच्या तासांना दुप्पट दराने मोबदला, आणि असे जादा तासही तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५. माधवीच्या टीममधल्या प्रत्येकाचे तेरा आठवड्यांत अठ्ठेचाळीसच्या वरचे तास होते २०८. मोबदल्याची गोष्ट सोडा, मर्यादाच ओलांडली होती. पण टाइमशीटच्या चौकटीत आठच्या पुढे कुणी काही लिहीतच नसेल तर नियम मोडल्याची नोंद होणार कुठे? माणसांनी नियम मोडला, यंत्राने तो पाळून दाखवला. आणि यातही एक मेख आहे. व्यवस्थापनाच्या किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला या कायद्याचं छत्र नाही, आणि आयटीत चार-पाच वर्षं काढली की कार्डावर ‘लीड’ नाहीतर ‘मॅनेजर’ छापून येतंच. पगार तोच, खुर्ची तीच, पदनाम तेवढं चढतं.

मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी सूर्य उगवला की साचे सुरू आणि मावळला की बंद, आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, निवेदनं दिली, आणि रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावं लागलं. त्या लढ्यात कामगारांच्या बाजूने एक गोष्ट होती: गिरणीत कोण किती वेळ उभा आहे हे सूर्याला आणि साऱ्या गिरणगावाला दिसत होतं. चौथ्या मजल्यावर रात्री नऊला दिवे चालू असतात आणि खालून जाणाऱ्याला वाटतं, काय छान इमारत आहे.

माधवीने एचआरच्या बाईला हे काही सांगितलं नाही. ती म्हणाली, ‘‘गैरवर्तन असेल तर तसं लिहा. पण मग तो पासष्टचा आकडाही खोटा ठरतो. त्या आकड्यावर तेजसला नापास केलंय, ते कसं चालेल?’’

बाईने पेन खाली ठेवलं. एक खरं मानायचं तर दुसरंही मानावं लागत होतं.

पुढे जे झालं ते कुणाच्याच मनासारखं झालं नाही. माधवीच्या फायलीत ताकीद देणारं पत्र लागलं. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये तिचं रेटिंग एक पायरी खाली आलं, व्हेरिएबल पगार कापला गेला आणि अमेरिकेला जायची जी संधी जवळजवळ नक्की होती ती दुसऱ्याला मिळाली. निखिलचं प्रमोशन सहा महिने पुढे ढकललं. कारण हेच होतं की दुसरं, कुणी सांगितलं नाही, पण त्याने माधवीशी बोलणं टाकलं. टीममधल्या एका मुलीने तोंडावर विचारलं, ‘‘तुझं मन हलकं झालं, आमची ट्रॉफी गेली. आम्हाला विचारलं होतंस?’’ विचारलं होतं, नोंदी मागताना. पण त्याचा परिणाम काय होईल हे सांगितलं नव्हतं, कारण तिलाही ठाऊक नव्हतं.

तेजसची पीआयपी ‘परिस्थितीतील बदलामुळे’ मागे घेतली गेली. शबानाला बेंचवरची, म्हणजे हाती प्रोजेक्ट नसलेली, दोन माणसं मिळाली आणि मुदत वाढली. जिला रडवलं होतं त्या मुलीला शबानाने एक दिवस जेवायला नेलं. काय बोलली ते तिने गाडीत सांगितलं नाही, फक्त परतीच्या वाटेवर बऱ्याच दिवसांनी गाणी लावली. सात सप्टेंबरला गणपती बसले. विसर्जनाच्या दिवशी तेजस लक्ष्मी रोडवर ढोल वाजवत होता आणि तळहाताला पट्ट्या बांधून तिसऱ्या दिवशी कामावर आला.

मजल्यावरच्या बाकीच्या टीम अजूनही आठच भरत होत्या. माधवीच्या टीममध्ये मात्र चौकट लाल झाली की होऊ द्यायची, असं ठरलं. लाल चौकटींच्या मंजुऱ्या अनिरुद्धकडे जाऊन पडायच्या. पहिले काही आठवडे त्याने त्या अडवून ठेवल्या. मग आठवड्याच्या आठवड्याला इतक्या साचल्या, की ‘सगळ्या मंजूर’ हे बटण दाबणं त्याला सोपं वाटलं असावं. एक मात्र झालं. मंजुरी मागायची म्हणजे कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं म्हटल्यावर निम्म्या रात्रींना कारणच सापडेना. अमुक बदल आजच हवा असं नक्की कोण म्हणालं? शोधू गेलं तर कुणीच म्हणालेलं नसायचं. तिकडच्या माणसाने ‘जमलं तर’ म्हटलेलं असायचं आणि इकडे येईपर्यंत त्याचं ‘आजच्या आज’ झालेलं असायचं. टीम साडेसातच्या बसने जायला लागली.

नोव्हेंबरात तिसऱ्या टप्प्याची बोलणी सुरू झाली. आणखी चाळीस स्क्रीन. घड्याळं मागे गेलेली, कॉल सातला. पडद्यावर क्लायंटकडची दोन माणसं, इकडून अनिरुद्ध, एस्टिमेशनचा एक जण, शबाना, माधवी आणि तांत्रिक प्रश्नांसाठी बोलावलेला तेजस. एस्टिमेशनच्या माणसाने खबरदारी म्हणून स्लाइडवर दोन आकडे ठेवले होते, पासष्ट आणि एकशे चार, आणि कुठला बोलायचा ते अनिरुद्धवर सोडलं होतं. अनिरुद्धने माइक बंद केला, माधवीकडे पाहिलं, चालू केला, पुन्हा बंद केला.

पलीकडच्या माणसाने विचारलं, एका स्क्रीनला साधारण किती धरायचे? तांत्रिक प्रश्न समजून तेजसने उत्तर देऊन टाकलं. एकशे चार.

अनिरुद्धने डोळे मिटून घेतले. सहा वर्षांचा क्लायंट, दोन वेळा वाचवलेलं कंत्राट, चाललं सगळं असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पलीकडे तो माणूस कॅलेंडर चाळत होता.

‘‘बरं,’’ तो म्हणाला, ‘‘मग जूनच्या ऐवजी ऑगस्ट धरू या,’’ आणि त्याने पुढचा मुद्दा काढला.